थरथरणारा उंदीर

विष उंदराच्या पोटात टोचायचं, तो मरतो की लुळा पडतो ते बघायचं आणि वहीत नोंद करायची. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, हे काम चाललं होतं. विष होतं कोन शंखांचं, म्हणजे समुद्री गोगलगायींचं. युटा विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत क्रेग क्लार्क नावाचा १९ वर्षांचा विद्यार्थी हाताखाली काम करत असे. पदवीसुद्धा व्हायची होती. त्याच्या डोक्यात आलं, पोटात टोचण्यापेक्षा हे विष सरळ उंदराच्या मेंदूत टोचलं तर?

विषाचा धंदा स्नायू लुळे पाडण्याचा, मेंदूत टोचून काय मिळणार, असं म्हणून एखाद्या अनुभवी गाईडने पोराला गप्प बसवलं असतं. प्रयोगशाळेचे प्रमुख बाल्डोमेरो ओलिव्हेरा यांनी तसं केलं नाही. क्लार्कने विषाचे घटक वेगळे केले आणि एकेक घटक वेगवेगळ्या उंदरांच्या मेंदूत सोडला. पिंजऱ्यांमध्ये मग जत्राच भरली. एक उंदीर झोपी गेला. दुसरा अंग खाजवत सुटला. तिसरा नुसती मान हलवत राहिला, चौथा गोल गोल धावू लागला. झोप आणणारा घटक तर भलताच चमत्कारिक निघाला. दोन आठवड्यांच्या पिल्लाला त्याने झोप यायची आणि मोठ्या उंदराला दिला की तो सैरावैरा पळत सुटायचा.

तोवर शंखाचं विष म्हणजे स्नायू लुळे पाडणारी एक गोष्ट असंच बहुतेक जण धरून चालले होते. मारतं की नाही, किती मात्रेत मारतं, एवढाच हिशेब. क्लार्कच्या पिंजऱ्यांनी दाखवलं की एकाच शंखाच्या विषात वेगवेगळ्या कामांवर नेमलेले अनेक रेणू असतात, आणि त्यांतले बरेचसे पोटात टोचले तर काहीच करत नाहीत. तोवरच्या चाचणीत ते नजरेतून सुटत होते.

ओलिव्हेरा मूळचे फिलिपिन्सचे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून डॉक्टरेट, मग स्टॅनफर्डला संशोधन. डीएनएचे तुटलेले धागे जोडणारं लायगेज हे एन्झाइम शोधणाऱ्यांपैकी ते एक. इतकं करून १९६०च्या दशकाच्या अखेरीला ते मनिलाला परतले, तर तिथे डीएनएवर काम करायला लागणारी यंत्रंच नाहीत. परदेशातून शिकून आलेल्या आणि इथल्या विद्यापीठात रिकाम्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी भारतीयांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. बहुतेक जण अशा वेळी अर्ज करतात आणि अनुदानाची वाट बघतात. ओलिव्हेरांनी दुसरा विचार केला. महागड्या यंत्रांशिवाय काय करता येईल? लहानपणी त्यांना शंख गोळा करायचा नाद होता. फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर कोन शंख मुबलक, आणि त्यांतला कोनस जिओग्राफस हा माणसालाही मारतो हे तिथल्या कोळ्यांना पक्कं ठाऊक. मग लूर्डेस क्रूझ या सहकारी शास्त्रज्ञासोबत त्यांनी त्याच शंखाच्या विषाला हात घातला.

शंख दिसायला देखणा असतो, म्हणूनच माणसं उचलतात. पाठीवर तपकिरी-पांढऱ्या जाळीची नक्षी, हातात धरावा असा गुळगुळीत. सुंदर शंख म्हणून कुणी तो उचलून घेतो आणि तिथेच घात होतो. जगभरात याच्या दंशाने मेलेल्या माणसांच्या नोंदी तीसेक आहेत, आणि त्यावर प्रतिविष आजही नाही. याला ‘सिगारेट गोगलगाय’ असं टोपणनाव आहे. दंश झाल्यावर एक सिगारेट ओढण्यापुरता वेळ उरतो, असा त्यातला काळा विनोद.

खरं तर हे विष माणसासाठी नाहीच. ते माशासाठी आहे. गोगलगाय सरपटणारी आणि मासा शेपटीच्या एका फटक्यात नजरेआड होणारा. डंख मारल्यावर मासा दोन-तीन सेकंद जरी पोहत राहिला तरी तो हातचा गेला. म्हणून हे विष साप-विंचवांच्या विषापेक्षाही घाईचं झालं आहे. रात्री वाळूतून मासेखाऊ कोन गोगलगाय सहसा आपली लांब सोंड हळूच बाहेर काढते. सोंडेच्या टोकाला एक पोकळ दात असतो, भाल्यासारखा, मागे आकडा असलेला. मासा टप्प्यात आला की दात त्याच्या अंगात घुसतो, त्यातून विष आत जातं आणि मासा जागच्या जागी ताठ होतो. मग गोगलगाय तोंड फाकवून त्याला अख्खाच्या अख्खा आत घेते. काटे, खवले आणि वापरलेला दात नंतर बाहेर टाकते. दात एकदाच वापरायचा, पुढच्या शिकारीला नवा.

मनिलात आणि पुढे युटा विद्यापीठात गेल्यावर ओलिव्हेरांना या विषातून पहिले जे घटक मिळाले ते स्नायू लुळे पाडणारे होते. काम चोख झालं, पण मन नाराज झालं. नाग-मण्यारांच्या विषातून नसा आणि स्नायूंचा संबंध तोडणारे रेणू आधीच सापडलेले होते. शंखातही तेच सापडलं, म्हणजे नवीन काय? इथे हे काम बंद पडलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. तेवढ्यात क्लार्कने मेंदूत सुई घातली.

आता दुसरा पोरगा. १९७९ साली मायकेल मॅकिन्टॉश नावाचा मुलगा शाळा संपवून या प्रयोगशाळेत आला. वय १८. त्याच्या वाट्याला कोनस मेगस आला. बोटाएवढा लहान, माशांवर जगणारा शंख. त्याच्या विषातला एक घटक मेंदूत टोचला की उंदीर थरथरायचा. मॅकिन्टॉशने तो घटक वेगळा काढून शुद्ध केला. प्रयोगशाळेत त्याला ‘शेकर’ म्हणत. थरथरवणारा.

आकार बघितला तर तो फार छोटा. २५ अमिनो आम्लांची एक साखळी. त्यांतली सहा सिस्टीन नावाची, आणि ही सहा दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकांना गंधकाच्या तीन बंधांनी बांधलेली. म्हणून साखळी लोंबकळत नाही, घट्ट गाठीसारखी राहते आणि सहजासहजी तुटत नाही. सहा सिस्टीनच्या जोड्या १५ प्रकारे लागू शकतात. त्यांतला एकच प्रकार गोगलगायीचा. प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या ही साखळी बनवताना जोडी चुकली तर हातात येते ती बिनकामाची पूड.

हा घटक करतो काय, याचा उलगडा युटातच डोजू योशिकामी आणि लिन केर यांनी बेडकाच्या नसांवर केला. त्यासाठी त्यांनी शेकरचा सख्खा भाऊ घेतला, कोनस जिओग्राफसमधून मिळालेला. नसेला विजेचा झटका दिला तर नस तो नीट वाहून नेते. स्नायूला थेट झटका दिला तर तोही आकसतो. मग नसेचा निरोप स्नायूपर्यंत का पोहोचत नाही? गडबड मधल्या फटीत आहे हे त्यावरून कळलं. नसेच्या टोकाशी निरोप आला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि त्याच्या धक्क्याने रसायनाच्या पिशव्या पलीकडे रित्या होतात. शंखाचा रेणू नेमका त्या दारात बसत होता. कॅल्शियम आत येईना, म्हणून निरोप पुढे जाईना. ‘नेचर’मध्ये हे काम १९८४ साली आलं. कोनस मेगसच्या शेकरवरचा सविस्तर निबंध १९८७चा.

पण मग बेडूक आणि मासा लुळा पडतो, उंदीर का नाही? सगळ्या कथेची कळ इथे आहे. कॅल्शियमची दारं एका जातीची नसतात. मासा आणि बेडूक यांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसांच्या टोकाला ज्या जातीचं दार असतं, त्याला शास्त्रज्ञ एन-टाइप म्हणतात. उंदीर किंवा माणूस अशा सस्तन प्राण्यांत स्नायूंच्या नसा दुसऱ्याच जातीचं दार वापरतात. एन-टाइप आपल्यात आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी. मेंदूत, रक्तदाब सांभाळणाऱ्या नसांत, आणि मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला, जिथे अंगभरातल्या वेदनेच्या नसा येऊन पुढच्या पेशींना निरोप देतात. म्हणजे माशाला थिजवणारा हा रेणू आपल्या हातापायांतलं बळ घेत नाही, वेदनेचा निरोप मात्र अडवतो. आणि पोटात टोचलेल्या उंदराने हे कधीच दाखवलं नसतं.

आमच्या वरणगावात माझ्या मेडिकल दुकानाच्या काउंटरमागे उभं राहिलं की नसेचं दुखणं म्हणजे काय ते रोज दिसतं. शुगरचे पेशंट तळपायाची आग होते म्हणून येतात. कंबरेतून पोटरीपर्यंत सणक जाते म्हणून केळीच्या बागेत काम करणाऱ्या बाया येतात. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक आबा बरेच दिवस सदऱ्याची डावी बाजू दोन बोटांनी उचलून धरत दुकानात येत. त्यांना छातीवर नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी साफ झाली. दुखणं काही गेलं नाही. “कापड टेकलं तरी आग होते रे भाऊ,” ते म्हणायचे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि पंख्याखाली बसल्याशिवाय जीव राहत नाही. आबांना मात्र पंख्याचा वारासुद्धा त्या पट्ट्यावर सहन होत नसे. पॅरासिटामॉल घेतलं, नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. शून्य.

शून्यच यायला हवं होतं. बोट कापलं की नस मेंदूला निरोप देते. हे दुखणं कामाचं, ते आपल्याला सावध करतं. आबांच्या दुखण्यात बोटही कापलेलं नाही आणि कातडीही शाबूत आहे. कांजिण्यांचाच विषाणू वर्षानुवर्षं मणक्याजवळच्या नसेत दडून बसलेला असतो, तो उठला की नागीण होते. त्यात नस स्वतःच पोळते आणि मग कारण नसताना निरोप पाठवत राहते. सूज उतरवणाऱ्या गोळीला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. मॉर्फिनची गत वेगळी. त्याने काही काळ आराम पडतो, मग मात्रा वाढवत न्यावी लागते. मॉर्फिनसुद्धा एन-टाइप दारं बंद करतं, पण आडवळणाने. पेशीच्या आतल्या साखळीला सांगून. ती साखळी काही दिवसांनी निर्ढावते. शंखाचा रेणू सरळ दारातच बसतो, म्हणून त्याची सवय लागत नाही.

हे ध्यानात आल्यावर कॅलिफोर्नियातल्या न्यूरेक्स या छोट्या कंपनीत जॉर्ज मिलजॅनिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकर उचलला. जिओग्राफसचा रेणू दारात एकदा बसला की सहसा उठत नाही, मेगसचा मात्र निघून येतो. औषध म्हणून चुकून जास्त गेलं तर मागे फिरायची वाट हवी, तेव्हा निवड मेगसची. गोगलगायीचा रेणू एकही अमिनो आम्ल न बदलता त्यांनी प्रयोगशाळेत तयार केला. नाव दिलं एसएनएक्स-१११. पुढे तोच झिकोनोटाइड झाला.

गंमत अशी की कंपनीची नजर आधी वेदनेवर नव्हतीच. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की चेतापेशींत कॅल्शियम घुसून त्या मरतात, ते थांबवता येईल या आशेने हा रेणू पक्षाघात आणि डोक्याच्या दुखापतीसाठी तपासला गेला. शिरेतून दिला तर रक्तदाब कोसळू लागला, कारण रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसांतही तीच दारं आहेत. वर तो रक्तातून मेंदूत-मज्जारज्जूत नीट शिरतही नाही. वेदनेसाठी द्यायचा तर एकच रस्ता उरला, मणक्यात मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात थेट सोडणं. तोंडाने घेतला तर पोटात तो पचून जातो, ते वेगळंच.

आजही तो असाच दिला जातो. पोटाच्या कातडीखाली तळहातात मावेल एवढा पंप बसवतात आणि तिथून बारीक नळी मणक्यापर्यंत नेतात. पंप दिवसाला काही मायक्रोग्रॅम औषध सोडतो. सुरुवात दिवसाला जास्तीत जास्त २.४ मायक्रोग्रॅमने. चिमटीतल्या मिठाचा एक कण याच्या कित्येक पट भरेल.

पहिल्या चाचण्यांत डॉक्टरांनी मात्रा भराभर वाढवली आणि पेशंट भलतंच सांगू लागले. कुणाला भास झाले, कुणी गोंधळून गेला, कुणाचा तोल जाऊ लागला. मेंदूतही एन-टाइप दारं आहेत. पाण्यात सोडलेलं औषध वर जाणारच. तरी कर्करोग आणि एड्सच्या १११ पेशंटवरच्या चाचणीचे आकडे बोलके होते. ‘जामा’ या नियतकालिकात २००४ साली ते छापून आले. वेदना औषध घेणाऱ्यांत सरासरी ५३ टक्क्यांनी उतरली, नुसतं पाणी मिळालेल्यांत १८ टक्क्यांनी. नंतर २२० पेशंटवर मात्रा अगदी हळूहळू वाढवून पाहिली, तेव्हा त्रास कमी झाला, पण गुणही खाली आला. औषधाने १४.७ टक्के, पाण्याने ७.२. दोन्ही चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवले पाहिजेत. शंखाच्या औषधाची ‘मॉर्फिनच्या हजारपट’ अशी जाहिरात ठिकठिकाणी वाचायला मिळते. तिथे दुसऱ्या चाचणीचा आकडा कुणी देत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २८ डिसेंबर २००४ रोजी झिकोनोटाइडला परवानगी दिली. तोवर न्यूरेक्स एलान या आयरिश कंपनीने विकत घेतली होती. मॅकिन्टॉशच्या थरथरणाऱ्या उंदरापासून मोजलं तर पंचवीस वर्षं लागली. वेष्टनावर ठळक इशारा आहे: भ्रम-भास होणाऱ्या तीव्र मानसिक आजाराचा (सायकोसिसचा) इतिहास असलेल्याला देऊ नये. बाकी सगळे उपाय थकलेल्या पेशंटसाठीचं हे औषध आहे. माझ्या फडताळात ते कधी आलं नाही, आणि यायचंही नाही.

आपल्याकडे या गोष्टीचा धागा लाल विंचवाशी जुळतो. मेसोब्यूथस टॅम्युलस. कोकणात भाताच्या पेंढ्यात, चपलेत, अंथरुणात सापडणारा. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा गंभीर दंशाचे शंभरातले तीस-चाळीस पेशंट दगावत. बावस्कर रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसले. हातपाय थंडगार, दरदरून घाम, रक्तदाब आधी चढलेला आणि मग फुप्फुसात पाणी. त्यांच्या ध्यानात आलं की माणूस विषाने सरळ मरत नाही. विष नसांमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, शरीरात ॲड्रिनॅलिनचा पूर येतो आणि त्या पुरात हृदय बुडतं. मग पूर थोपवायचा. रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली त्यांचा अनुभव छापून आला आणि मृत्यू शंभरात एक-दोनावर आले. पद्मश्री मिळायला २०२२ साल उजाडलं. युटा असो की बिरवाडी, दोन्हीकडे ‘मारतं की नाही’ एवढ्यावर कुणी थांबलं नाही. विष नेमकं कुठे काम करतं ते बघितलं गेलं.

त्याच लाल विंचवाच्या विषातला एक रेणू मात्र पार दूर ओळखला गेला. मर्क कंपनीच्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० साली त्यातून आयबेरिओटॉक्सिन वेगळं केलं. ३७ अमिनो आम्लांचं, पोटॅशियमच्या एका विशिष्ट दारावर नेमकं बसणारं. जगभरच्या प्रयोगशाळा आज ते कुपीत विकत घेतात. २००२ साली टॅमापिन आलं, तेही याच विंचवाचं, तेही बहुतांशी परदेशातून. विंचू आमचा, दंश आमच्या माणसाला आणि रेणू तिकडे, याची मला चीड येते. पण चोरीचा आरोप करण्यात अर्थ नाही. कुणी बघितलंच नाही, हे खरं कारण.

अगदीच कुणी नाही असं म्हणणंही अन्यायाचं होईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. बलराम यांनी आपल्या किनाऱ्यांवरच्या कोन शंखांवर चिकाटीने काम केलं. कोनस अमॅडिस या शंखाच्या विषातला २६ अमिनो आम्लांचा, सोडियमच्या दारावर काम करणारा रेणू त्यांच्या गटाने २००३ साली जगासमोर मांडला. कृष्णन २०१४ साली गेले. कोन शंखांच्या काही जाती आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही आहेत. मालवण-रत्नागिरीला फिरायला जाणाऱ्यांनी जिवंत शंख हातात घेऊ नये, हे जाता जाता.

झिकोनोटाइडनंतर वाट सोपी होईल असं वाटलं होतं. झाली नाही. ऑस्ट्रेलियात कोनस व्हिक्टोरीच्या विषातला व्हीसी१.१ हा रेणू मेलबर्नच्या संशोधकांनी शोधला. नस दुखावलेल्या उंदरांना त्याने छान आराम पडला, टोचायलाही मणका लागत नव्हता. एका कंपनीने तो माणसांपर्यंत नेला. मग २००७ साली कळलं की उंदराच्या पेशीवरच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) तो घट्ट बसतो, माणसाच्या त्याच ग्राहकावर तो ढिला पडतो. काम बंद. टॅरँट्युला कोळ्यांच्या विषातल्या रेणूंवरही मोठमोठ्या कंपन्यांनी पैसा ओतला. त्यांचं लक्ष्य होतं एनएव्ही१.७ हे सोडियमचं दार. पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मतःच हे दार बिघडलेलं असतं आणि त्या माणसांना वेदनाच कळत नाही, हे २००६ साली उघड झालं होतं. त्यांतला एक मुलगा निखाऱ्यांवर चालून रस्त्यावर खेळ करायचा. इतकी पक्की खूण हाती असूनही त्या दारावरचं औषध अजून बाजारात नाही.

उंदरात चालतं आणि माणसात नाही, या धक्क्यातून सावरलेल्यांत मॅकिन्टॉशही आहेत. तो १८ वर्षांचा मुलगा पुढे मनोविकारतज्ज्ञ झाला आणि युटातच प्राध्यापक. कॅरिबियन समुद्रातल्या कोनस रेजियसचा रेणू त्यांच्या गटाने असा बदलून घेतला की तो माणसाच्या ग्राहकावरही घट्ट बसावा. कर्करोगाच्या काही औषधांनी हातापायांच्या नसा पोळतात. २०१७ साली उंदरांवर दिसलं की हा रेणू ते दुखणं आधीच रोखतो, आणि त्याचा परिणाम रेणू शरीरातून निघून गेल्यावरही टिकतो. उंदरांवर. माणसाचं पुढे बघू.

आबांना शेवटी डॉक्टरांनी प्रीगॅबलिन लिहून दिलं. ही कॅप्सूल माझ्याकडे रोज खपते. तिची थोरली बहीण गॅबापेन्टिन मुळात फेफऱ्यावरचं औषध. मेंदूतल्या एका रसायनाची नक्कल म्हणून ते बनवलं होतं, पण ते त्या रसायनासारखं वागेच ना. मग ते कुठे बसतं? १९९६ साली पत्ता लागला: कॅल्शियमच्या त्याच दारांच्या एका जोडभागावर, ज्याला अल्फा-टू-डेल्टा म्हणतात. शंख दारात बसतो, ही कॅप्सूल बिजागरीला धरते. शंखाने दाखवलेलं दार बरोबर होतं, तिथे पोहोचायचा स्वस्त रस्ता मात्र दुसऱ्याच कुणाला, दुसऱ्याच कामात सापडला. आबांचं दुखणं निम्म्यावर आलं. झोप येते, चक्कर येते, हीही तक्रार आहेच. सगळ्यांना लागू पडतं असंही नाही.

नसेच्या दुखण्यावर हुकमी औषध आजही कुणाकडे नाही. म्हणून माझं सांगणं नागिणीपुरतं, आणि तेही साधं. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात आग होऊन फोड उठले की गेरू लावत, मंत्र घालत, नागीण उतरवायला गावोगाव फिरू नका. दोन टोकं जुळली की माणूस जातो ही भीती खोटी आहे. एका नसेच्या हद्दीतच ती राहते, म्हणून टोकं सहसा जुळतच नाहीत. ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा. विषाणूवरच्या गोळ्या तेव्हाच सगळ्यात चांगल्या लागू पडतात. फोड डोळ्याजवळ किंवा कपाळावर असतील तर त्याच दिवशी जा. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची लस २०२३पासून भारतात मिळते. दोन डोस आहेत आणि ती महाग आहे. शुगर असेल तर डॉक्टरांना या लशीबद्दल जरूर विचारा.